बत्तीमामा आणि गॅरेजचं वायरिंग

बत्तीमामा पहिल्या दिवशी कधीच काम करत नसत. पिशवी घेऊन वेळेवर यायचे, चपला दाराबाहेर काढायचे, पेलाभर पाणी प्यायचे आणि मग एका कोपऱ्यात बसून राहायचे. पिशवी उघडायचीसुद्धा नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आज नुसतं बघतो. वायर उद्या." आमच्या गॅरेजचं वायरिंग करायला आले तेव्हाही ते रंगाच्या उपड्या डब्यावर बसले आणि तुमच्या आजोबांना म्हणाले, "साहेब, तुम्ही काम करा."

आजोबा गोंधळले. "कसलं काम? मशीन कुठे आलंय अजून?"

"आलंय असं समजा. फळी घ्या. कापा."

मग जन्मभर ऑफिसात टाय लावून बसलेले तुमचे आजोबा रिकाम्या गॅरेजमध्ये नसलेल्या करवतीने फळी कापू लागले. कापून झाल्यावर फळी उचलून वळले, नसलेल्या टेबलावर ठेवली, भोक पाडलं, भुसा झटकला. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बत्तीमामा मात्र गंभीर होते. मधूनच उठायचे, पेन्सिलीने भिंतीवर फुली मारायचे आणि परत डब्यावर बसायचे. दुपारपर्यंत उजवीकडची भिंत फुल्यांनी भरली.

"ह्या भिंतीवर वायर नाय," ते म्हणाले. "साहेब वळले की फळीचं टोक इथे लागतं. जेवढ्या फुल्या, तेवढ्या वेळा लागलं."

ईशा, निहार, आजोबांशी व्हिडिओवर बोलताना त्यांच्या मागे राखाडी रंगाचे लोखंडी पाईप दिसतात, ते कशाला, असं तुम्ही दर वेळी विचारता. निहारला ती जागा पाणबुडीसारखी वाटते. दर वेळी मी "मोठी गोष्ट आहे" म्हणून टाळलं. ती गोष्ट खरं तर पाईपांची नाही, ते पाईप लावणाऱ्या माणसाची आहे. म्हणून आज नीट लिहून काढते.

बत्तीमामा परळच्या एका गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी बंद पडली आणि ते घरोघरची कामं घेऊ लागले. राहायला भोईवाड्यात, चाळीत. तुमचा बाबा पाचवीत असताना ते आमच्याकडे पहिल्यांदा पंखा दुरुस्त करायला आले. बत्ती गेली की हे मामा येतात आणि ती परत येते, एवढंच बाबाला कळत होतं. त्याने ठेवलेलं नाव मग साऱ्या इमारतीने उचललं. मामा मूळचे मालवणकडचे. आमच्याशी बोलताना जपून मुंबईचं मराठी बोलायचे, पण घरून फोन आला की आवाजच बदलायचा. "येतंय गो. माशाची कडी गरम करून ठेव, आणि माका वाट बघूक लावू नको." फोन ठेवला की परत आमच्याशी, "हां वैनी, काय म्हणत होतो मी?"

त्यांची एक सवय मी पुढे स्वयंपाकघरातही उचलली. तारेला हात लावण्याआधी ते टेस्टर लावून बघायचे, सगळेच वायरमन बघतात. पण मामा तोच टेस्टर आधी दुसऱ्या, चालू असलेल्या प्लगमध्ये घालून बघायचे. मग बंद केलेल्या तारेला लावायचे. आणि मग पुन्हा चालू प्लगमध्ये. मी एकदा म्हटलं, "मामा, तीन तीनदा काय बघता? मेन तर मीच बंद केलाय तुमच्यासमोर."

"वैनी, टेस्टर मेला असला तरी तो पेटत नाय, आणि लाईन मेली असली तरी पेटत नाय. दोन्हीत फरक काय तो मेल्यावर कळून उपयोग नाय."

त्या दिवसापासून मीसुद्धा दूध नासलंय का ते बघण्याआधी आपल्याला सर्दी तर नाही ना, हे आधी बघते.

आता गॅरेजकडे येते. आपली गल्ली दादरमधली असली तरी माटुंग्याच्या टोकाची. इमारत जुनी, तीन मजली, आणि आपल्या वाट्याला तळमजल्यावरचं हे गॅरेज. त्यात वर्षानुवर्षं आजोबांची गाडी असायची. मग त्यांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. गाडी विकली, गॅरेज रिकामं झालं, आणि आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले. सकाळी उघडलेलं पेपराचं पान दुपारीही तेच असायचं. हाक मारली तर "अं?" म्हणायचे, आणि पुढे काही नाही.

डॉक्टरच एकदा म्हणाले, हात कामात ठेवा, काम करताना ही थरथर कमी होते. आजोबांना तरुणपणापासून लाकूडकामाची हौस. त्यांनी लगेच गॅरेजात छोटी कार्यशाळा करायचं मनावर घेतलं. लाकूड कातायचं लहान मशीन, ड्रिल, पॉलिश मशीन. इतक्या दिवसांनी त्यांना काहीतरी हवंसं वाटत होतं. तुमच्या बाबाने मात्र तुम्ही राहता तिकडून फोनवर साफ नकार दिला. "आई, पावसात तिथे पाणी भरतं. त्यात विजेची मशिनं आणि बाबांचा हात असा. तू कशी हो म्हणतेस?" तो काळजीनेच बोलत होता, आणि त्याचं चूकही नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: वायरिंग खात्रीचं झालं तरच कार्यशाळा, नाहीतर खुर्ची. म्हणून मी बत्तीमामांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली आणि भाजीवाली जुड्या मांडते तसे तीन नमुने माझ्यापुढे मांडले. भिंत खोदून आत पुरायचा पाईप, भिंतीवर ठोकायची पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, आणि जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप.

"हे आतलं," मी लगेच सांगितलं. "मला वायर दिसायला नको. भिंत कशी स्वच्छ पाहिजे."

"वैनी, ह्या भिंतीला पावसाळ्यात घाम येतो. हात लावून बघितलाय कधी? तिच्या पोटात वायर घालायची?"

"मग पट्टी लावा. पांढरी, नीटनेटकी."

"पट्टी तुमच्या हॉलमध्ये शोभेल. इथे उंदीर आहेत, त्यांना पट्टी म्हणजे बिस्कीट. आणि साहेबांची फळी एकदा जोरात बसली की फुटलीच."

"अहो, पण लोखंडी पाईप म्हणजे अगदी कारखाना वाटेल."

"मग कारखानाच काढताय ना?"

मागून आजोबा हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांचं हसणं ऐकत होते, त्यामुळे माझा युक्तिवाद तिथेच संपला. तरी मामांनी विजय साजरा केला नाही. हळूच म्हणाले, "लपवलेली वायर घरचेच विसरतात, वैनी. मग चार वर्षांनी कॅलेंडर लावायला खिळा घेतात आणि बरोबर तिच्यावर ठोकतात. दिसते ती बरी."

उंची ठरवायला त्यांनी आणखी एक दिवस घेतला. गॅरेजच्या दाराची चौकट खरवडली तेव्हा रंगाखाली जुन्या पाण्याच्या रेघा दिसल्या, एकावर एक. सगळ्यात वरची, मुंबई बुडाली त्या मोठ्या पावसातली, माझ्या कमरेच्याही वर. मामा रेघेकडे बघत म्हणाले, "वैनी, जरा इथे ताठ उभ्या राहा." मी उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्याच्या रेषेत भिंतीवर खूण केली. "ह्याच्या खाली एकपण पॉईंट नाय. सगळं छतावरून येणार आणि इथपर्यंत उतरून थांबणार." अशी मी त्या गॅरेजची मोजपट्टी झाले.

लोखंडी पाईप नुसता लावून भागत नाही, हेही तेव्हा कळलं. आत एखादी तार सोलली गेली तर सबंध पाईपच करंट धरतो. म्हणून त्याला जमिनीशी जोडून द्यावं लागतं, ते अर्थिंग. मामांनी इमारतीच्या मागे खोल खड्डा खणवला. त्यात कोळसा आणि जाडं मीठ थराथराने घातलं. मीठ मी पुरवलं, आणि त्यांनी "अजून" म्हणत म्हणत माझी बरणी रिकामी केली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे जमीन कोरडी पडत नाही. "तुळशीला घालता ना? मग ह्यालापण घालायचं," एवढीच त्यांची सूचना होती. मी अजून घालते. शेजारणी म्हणतात, इथे काय पुरलंय हो? मी सांगते, मीठ.

काम झालं तेव्हा मला कबूल करावंच लागलं की ते सुंदर होतं. पाईप ओळंब्यात, वळणं एकसारखी, पाईप धरणाऱ्या पकडी समान अंतरावर. माझ्यासारख्या बाईला, जिच्या मिरच्यांच्या बरण्यांवरही चिठ्ठ्या असतात, त्याहून जास्त काय हवं? दाराजवळ उंचावर एक सुरक्षा स्विच होता. पाण्यातून किंवा माणसाच्या अंगातून करंट निसटू लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी लाईन तोडतो. मामांनी बाबाला व्हिडिओवर घेतलं आणि त्याच्यादेखत चाचणीचं बटण दाबलं. खट्कन सगळं बंद.

"बघितलंस? आता तूच सांग काय ते."

बाबाने ते आणखी एकदा करायला लावलं. मग म्हणाला, "मामा, तुम्ही केलंय म्हणून हो म्हणतो."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मशीन लावलं. खिडकीजवळची खुर्ची मी पुसून हॉलमध्ये नेली.

आता माझ्या चुकीकडे येते. लिहायला हात जड होतोय, पण लिहिते. कार्यशाळा म्हटली की भुसा आला. तो साफ करायला मी व्हॅक्यूम क्लीनर वापरायचे. प्लग खांद्याच्या उंचीवर, त्यामुळे त्याची वायर हवेतून लोंबायची आणि फळीवरच्या स्क्रूंच्या बाटल्या पाडायची. आकारानुसार लावलेल्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या बाटल्या. तिसऱ्यांदा बाटली फुटली तेव्हा मी ठरवलं, खाली एक पॉईंट हवाच. मामा गणपतीला गावी गेले होते. ते एकदा गेले की भातकापणी उरकूनच यायचे. मला धीर नव्हता. मी नाक्यावरचा दुसरा वायरमन बोलावला. त्याने दाराजवळ, कपाटाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर पॉईंट काढून दिला, आणि तोही माझ्या आवडत्या पांढऱ्या पट्टीतून. चहा गार व्हायच्या आत काम झालं. बसून बघणं नाही की फुल्या मारणं नाही. मला वाटलं, बघा, कसं चटकन होतं! आजोबांना मी सांगितलं नाही. मामा परत आले तेव्हा त्यांनाही नाही. कपाट पुढे होतंच.

पुढच्या मे महिन्यात आपल्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा झाला. एका सकाळी बत्तीमामा दारात उभे. मी म्हटलं, "मामा, आम्ही बोलावलं नव्हतं."

"रस्ता वाढलाय, वैनी. बघायला आलो."

तेव्हा मला त्यांचा हा नेम कळला. मुंबईत रस्ता दुरुस्त होतो म्हणजे जुन्यावर नवा थर चढतो. रस्ता वर जातो, जुन्या इमारती आहेत तिथेच राहतात आणि पाणी मुकाट्याने आपल्या दारात येतं. कुठल्या गल्लीत रस्ता चढला की मामा तिथली आपली तळमजल्यावरची कामं पुन्हा बघून यायचे. कोणी सांगितलेलं नसायचं. "माझी खूण जुन्या रस्त्याची आहे," ते म्हणाले. "रस्ता वीतभर चढला तर खूण वीतभर उतरली."

ते दाराजवळ मोजायला वाकले आणि त्यांना कपाटामागून डोकावणारं पांढऱ्या पट्टीचं टोक दिसलं. त्यांनी कपाट एकट्याने सरकवलं. मी बघत उभी होते. त्यांनी टेस्टर चालू प्लगमध्ये तपासला. मग दाराजवळचा उंचावरचा सुरक्षा स्विच बंद केला, सगळे दिवे गेले, आणि टेस्टर त्या खालच्या पॉईंटला लावला.

टेस्टर पेटला.

"वैनी," मामा अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "हा कोणी केला?"

मी सांगितलं. सगळं, बाटल्यांसकट.

"त्याने लाईन सुरक्षा स्विचच्या मागून उचलली आहे. थेट मेनमधून. त्याला तेच जवळ पडलं असेल. म्हणजे पाणी आलं तर वरचा स्विच काय करणार? त्याला ह्याचा पत्ताच नाय."

मी म्हटलं, "मामा, बोला मला. रागवा."

"रागवून काय? तुम्ही खुर्चीत बसा, मी मेन बंद करतो."

त्यांनी मेन बंद केला, पॉईंट मुळापासून काढला, तार मागपर्यंत ओढून काढली आणि भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवली. माझ्या बाटल्या पडू नयेत म्हणून छतातून खाली येणारी, वापरून झाली की वर अडकवायची प्लगची एक वायर करून दिली. इतकी साधी गोष्ट होती. त्यांना विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळाली असती. जाताना एवढंच म्हणाले, "साहेबांना सांगायचं की नाय ते तुम्ही बघा. मी सांगणार नाय."

त्या जुलैत पाणी आलं. दुपारची वेळ, भरतीची. आजोबा गॅरेजमध्ये मशीनवर होते. मी जिन्याच्या पायरीवर पोचले तेव्हा पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं होतं आणि ते शांतपणे सागवानाच्या फळ्या उचलून वरच्या फळीवर ठेवत होते. डोक्यावर दिवा जळत होता. मी ओरडले, "अहो, या ना बाहेर!"

"आलो गं. ही शेवटची. भिजली तर वाकडी होईल."

दारातून बाहेर पडताना ते घसरून खाली वाकले आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. बरोबर त्या काढलेल्या पॉईंटच्या जागी, पाण्याखाली; कपाट मी तिथे परत ठेवलंच नव्हतं. त्यांनी हात काढला, ओला पायजमा पिळला आणि विचारलं, "तू अशी पांढरीफटक का पडलीस? चहा टाकतेस?"

मी चहा टाकला आणि चहाबरोबर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या बाटल्या मीच नीट ठेवायला हव्या होत्या." अशा माणसाबरोबर भांडणही करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामांचे गुडघे संपावर गेले. शिडी चढवेना. त्यांनी मालवणला, मुलाकडे जायचं ठरवलं. जाण्याआधी सगळ्या घरांचा एकेक फेरा केला. आमच्याकडे आले ते पिशवीशिवाय. मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. ते काहीतरी विसरून आलेत असंच वाटत राहिलं. मी भरली वांगी केली होती. मामा म्हणाले, "बांगडा नाय, पण चालेल," आणि दोनदा वाढून घेतली.

जेवण झाल्यावर म्हणाले, "वैनी, तुमचं अक्षर चांगलं. गॅरेजचा नकाशा काढून ठेवू. पुढच्या वायरमनला शोधत बसायला नको."

आम्ही दोघं गॅरेजमध्ये बसलो, आजोबा मशीन बंद करून ऐकत होते. मामा सांगत गेले, मी पट्टी घेऊन रेघा ओढत गेले. कुठला पाईप कुठून निघतो, वळण कुठे, अर्थिंगचा खड्डा कुठे, मीठ किती. एक शब्द ते मला गाळू देईनात. दाराजवळची जागा आली तशी मी थांबले.

"तिथे काय नाय," मामा म्हणाले. "पुढे चला."

"पुढच्या वायरमनला कळायला हवं ना? तुम्हीच म्हणालात."

"भिंत बुजवली की मी. आता कशाला ते?"

पण मी चौकोन काढला आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: "येथे खाली एक पॉईंट होता. न विचारता घेतला होता. चूक माझी."

मामांनी चष्मा लावून ते वाचलं, मग परत वाचलं. आजोबांकडे बघितलं. आजोबांनी कानावरची सुतारी पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. गिरणीत पगाराच्या सहीपलीकडे फार लिहायची वेळ न आलेल्या त्या हाताने मामांनी माझ्या ओळीखाली एकेक अक्षर दाबून लिहिलं. बराच वेळ लागला. मग कागद माझ्याकडे सरकवून ते चपला घालायला उठले.

तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून गॅरेजच्या दारामागे लावला आहे. तुम्ही याल तेव्हा वाचा. त्यांची ओळ माझ्या ओळीपेक्षा लहान आहे, जराशी तिरकी:

"आता इथे लाईन नाही. भिऊ नये."